दोष हाताचा कीं टेबलाचा?

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत, त्यांना पोथीच्या शेवटीं लेखकानें केलेली एक विनवणी ठाऊक असेल. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टि खालीं खिळवून मोठ्या कष्टानें हें लिहिलें आहे, तरी वाचणाऱ्यानें तें जिवापाड जपावें, अशा अर्थाचा एक श्लोक अनेक पोथ्यांच्या अखेरीस आढळतो. लहानपणीं अकोल्यास वडिलांच्या तोंडून तो प्रथम ऐकला, तेव्हां मला त्यांत अतिशयोक्ति वाटली. लिहिण्यानें कोणाची पाठ मोडते काय, असें मीं विचारलेंहि होतें. वडील नुसते हंसले. त्या प्रश्नाचें उत्तर मला अडुसष्टाव्या वर्षीं, अमरावतींत, संगणकासमोर बसल्यावर मिळालें.

माझे वडील अकोल्याच्या जुन्या कापूस बाजारांत एका पेढीवर कारकून होते. दिवसभर रुईच्या गांठींचा हिशेब आणि रात्रीं रघुवंश, असा त्यांचा क्रम असे. प्रत्येक श्लोकाचा पदच्छेद, अन्वय आणि सरळ मराठी अर्थ त्यांनीं एकोणीस वह्यांत उतरवून ठेविला. सहाव्या सर्गावर त्यांचा विशेष लोभ होता. कारण त्यांतील स्वयंवर आपल्या विदर्भाच्या इंदुमतीचें! पुढें पेढी बंद झाली तेव्हां, ज्या टेबलावर बसून ते हिशेब लिहीत, तें टेबल मालकांनीं त्यांना देऊन टाकलें. मेळघाटच्या सागाचें, डाव्या बाजूस तीन खणांचें, कडेला गोलाईची पट्टी मारलेलें असें तें भक्कम टेबल वडिलांच्या मागें मूर्तिजापूरमार्गें अमरावतीस माझ्या घरीं आलें. त्याच्यावर दौत सांडल्याचा एक निळा डाग आहे. तो माझ्याच हातचा; परंतु त्याची कथा येथें नको.

मी १९७४ सालीं मॅट्रिक झालों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि अमरावतीच्या एका शाळेंत मराठी व संस्कृत शिकवीत निवृत्तीपर्यंत आलों. वडिलांच्या वह्यांचा कागद आतां तांबूस पडून कडेला तुटूं लागला आहे. हें सर्व संगणकांत उतरवून ठेवावें, म्हणजे नातवंडांपर्यंत तरी पोंचेल, असें मनानें घेतलें. चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं येऊन यंत्र मांडून दिलें आणि इन्स्क्रिप्ट नांवाची कळरचना शिकण्याचा सल्ला दिला. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रमाण ठरविलेली ही रचना पाहून माझ्यासारख्या व्याकरणाच्या विद्यार्थ्यास मोठें कौतुक वाटलें. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला. मधल्या ओळींत उजव्या बोटांखालीं प, र, क, त, च, ट. आणि ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्टची कळ जोडीनें दाबली असतां ख. ग आणि घ, त आणि थ यांचेंहि तसेंच. महाप्राण उच्चारण्यास जसा अधिक श्वास लागतो, तसा तो टंकण्यास एका बोटाचा अधिक श्रम लागतो!

तीन महिन्यांत पांच सर्ग पुरे झाले. सहाव्याच्या आरंभींच उजवा खांदा धरला. प्रथम मीं दुर्लक्ष केलें. ज्या गांवांत १९१४ पासून श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें आहे, ज्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगाला दाखविले, त्या गांवच्या माणसानें चार ओळी टंकून खांदा दुखतो म्हणावें, हें लाजिरवाणें वाटलें. पुढें मात्र मनगटांत मुंग्या येऊं लागल्या, रात्रीं कूस बदलतां येईना, आणि सकाळीं पूजेच्या वेळीं तांब्या हातांतून निसटला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आतां पुरे करा तें यंत्र. मामंजींच्या वह्या इतकीं वर्षें राहिल्या, आणखी राहतील." वह्या राहतील कीं नाहीं, आणि त्या वाचणारा मी राहीन कीं नाहीं, याची मला खात्री नव्हती. काम थांबलें, आणि त्या दुखण्यापेक्षां थांबलेल्या कामाचेंच दुःख मोठें झालें.

डॉक्टरांनीं हात तपासून विश्रांति सांगितली आणि बसण्याची रीत सुधारा म्हणून बजावलें. रीतींत काय चुकतें तें मात्र चिरंजीवांनीं दाखविलें. एके संध्याकाळीं फोनवर एकमेकांना पाहत बोलत असतां, मी टंकतों कसा तें पाहूं द्या, असें ते म्हणाले. मीं दोन ओळी टंकल्या. ते म्हणाले, "बाबा, तुमचे खांदे कानाला लागले आहेत. दोष तुमचा नाहीं. टेबल उंच आहे."

दुसऱ्या दिवशीं मीं टेप घेऊन सर्व मोजलें. टेबल ३० इंच. मी खुर्चीवर ताठ बसून हात सैल सोडला आणि कोंपरांत काटकोन केला, तेव्हां कोंपर जमिनीपासून २६॥ इंचांवर आलें. कळफलकाची स्वतःची जाडी एक इंच. म्हणजे कळा ३१ इंचांवर. साडेचार इंचांचा हा चढ माझे दोन्ही खांदे तासन् तास उचलून धरीत होते! लेखणीनें लिहितांना हें जाणवत नाहीं. कारण तेव्हां एकच हात टेबलावर टेकलेला असतो आणि त्याचा भार टेबल सोसतें. टंकतांना दोन्ही हात अधांतरीं असतात. अकोल्यास तरुणपणीं एका टायपिंगच्या वर्गांत डोकावलों होतों, तेथील टेबलें बुटकीं कां, याचा उलगडा आतां झाला. टंकयंत्रच उंच, त्याच्या कळा हाताशीं याव्यात म्हणून टेबल खालीं घेत. संगणक आला, तो लिहिण्याच्या टेबलावर चढून बसला, आणि ती शहाणी चाल आपण विसरलों.

उपाय तीन होते. खुर्ची उंच करावी, तर माझे पाय अधांतरीं लोंबत आणि मांडीच्या खालच्या शिरा दबत. दुसरा उपाय आमच्या मिस्त्रींनीं सुचविला. त्यांनीं टेबलाभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, कायले एवढा इचार करता? चारही पाय चार-चार इंच कापून टाकतो, झालं!" मीं नकार दिला. मग खालून स्क्रू मारून सरकती फळी बसवून देतों म्हणाले. तेंहि मला रुचेना. ज्या लाकडावर वडिलांचा हात चाळीस वर्षें फिरला, त्याला भोंक पाडण्याचा धीर होईना. मिस्त्री समजूतदार, ते म्हणाले, "मंग शिकंज्याची फळी आना. ते नुसती धरून राह्यते."

हाच तिसरा उपाय. बाजारांत हिला कीबोर्ड ट्रे म्हणतात. फळीच्या दोन्ही टोकांस एकेक लोखंडी शिकंजा असतो. तो टेबलाच्या कडेस वरखालून पकडतो आणि खालचा पेच आवळला कीं फळी टेबलाखालीं लोंबती राहते. खिळा नाहीं, भोंक नाहीं. उत्साहाच्या भरांत मीं एक फळी मागविली आणि फसलों. तिचा जबडा दीड इंचच उघडत होता. आमच्या टेबलाची कड गोलाईच्या पट्टीसह पावणेदोन इंच भरली. ती परत करावी लागली. शाळेंत 'आधीं उदाहरण नीट वाचा' असें मुलांना हजारदां सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः उदाहरण वाचलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेस मीं कागदावर पांच मापें लिहून काढलीं. कडेची जाडी, कड पुढें किती निघाली आहे, म्हणजे शिकंज्याला आंत किती जागा, टेबलाच्या पुढच्या आडव्या पट्टीचा तळ जमिनीपासून किती, बसल्यावर मांडी किती उंच येते, आणि कळफलक व माउस शेजारीं शेजारीं मावतील एवढी रुंदी. आमच्या टेबलाची कड तीन इंच पुढें होती, शिकंज्याला अडीच पुरत. पट्टीचा तळ २७ इंचांवर, मांडी २३ वर. फळी २५॥ इंचांवर बसली तर कळा नेमक्या २६॥ वर येणार, आणि कळफलक अर्ध्या इंचाच्या फरकानें पट्टीखालून आंत सरकणार. असें सर्व जुळणारी फळी पाहून मगच मागविली.

बसवितांना मिस्त्रींना बोलाविलें नाहीं. शिकंज्याच्या जबड्यांत जुन्या घोंगडीचे तुकडे घातले, म्हणजे सागावर वण उठूं नये. एका बाजूचा पेच आधींच पुरा आवळला तर फळी तिरपी बसते, म्हणून दोन्हीकडे आळीपाळीनें थोडथोडा पीळ दिला. मग फळीवर दोन्ही मनगटांचा भार टाकून पाहिला. किंचित् डुलली, तेव्हां आणखी अर्धा फेरा. चार दिवसांनीं घोंगडी दबून पेच सैल झाला होता, तो पुन्हां आवळला. कळफलकाच्या मागील बाजूस ज्या दोन खुंट्या असतात, त्या उभ्या केल्या कीं मनगट वर मुरडतें. त्या मिटून टाकल्या. माउस टेबलावरून उतरवून कळफलकाच्या शेजारीं आणला. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याचें आसन फार उंच नसावें, फार खालीं नसावें, आणि काया, मस्तक व मान एका रेषेंत असावीं, असें सांगितलें आहे. तें मीं कितीदां शिकविलें! परंतु तें इंचांत मोजण्याचीहि गोष्ट आहे, हें तेव्हां सुचलें नव्हतें.

महिन्याभरांत मनगटाच्या मुंग्या गेल्या. खांदा अजून थोडा कुरकुरतो, पण रात्रीं झोंप लागते. इंदुमतीची स्वारी पुन्हां स्वयंवरमंडपांत शिरली. येथें हा लेख संपावयास हवा होता. परंतु ज्या दिवशीं खांदे प्रथम सैल सुटले, त्याच दिवशीं एक जुनी गोष्ट वर आली, ती सांगितल्यावांचून सुटका नाहीं.

१९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. पांचवीच्या माझ्या वर्गांत एक फार बुटका मुलगा होता. त्या वर्षीं आमच्या वर्गास मोठ्या मुलांचे बांक आले होते. लिहितांना त्याचें कोंपर खांद्याच्या पातळीवर येई आणि अक्षर कोंबड्याच्या पायांसारखें. मीं त्याच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईनें 'अक्षर सुधारा' असें लिहीत असें. पट्टीहि मारली आहे. एकदां त्यानें घरून निबंध लिहून आणला, त्याचें अक्षर गोल, टपोरें, ओळींत बसलेलें. मीं सगळ्या वर्गासमोर त्याला विचारलें, "हें कोणाकडून लिहून आणलेंस?" तो म्हणाला, "मीच लिहिलं, सर." मीं त्याला खोटारडा म्हटलें आणि दाराबाहेर उभें केलें. दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली. कामावर जातां जातां आली असावी; हातांत डबा होता. ती म्हणाली, "घरी त चांगलं लिवते जी पोरगं. खाली बसून, मांडीवर पाट घेऊन लिवते." मीं तिचें ऐकून घेतलें आणि विश्वास ठेविला नाहीं.

तिनें मला उत्तरच आणून दिलें होतें. पाट मांडीवर होता, म्हणून हात सैल होता; हात सैल, म्हणून अक्षर सुंदर. मला फक्त एकदां वांकून त्या बांकाकडे पाहावयाचें होतें. मीं पाहिलें नाहीं. त्या दिवसानंतर तो मुलगा घरच्या वहींतहि वेडेंवाकडें अक्षर काढूं लागला. पुन्हां कोणी खोटारडा म्हणूं नये, म्हणून! हें मला तेव्हांहि दिसलें होतें, आणि मीं तें माझ्या शिस्तीचें यश मानलें. वर्षअखेर त्यानें शाळा सोडली. तो आज कोठें आहे तें मला माहीत नाहीं. त्याची क्षमा मागण्याचा मार्ग उरलेला नाहीं, म्हणून हें येथें लिहून ठेवीत आहें.

आज घरोघरीं मुलें मोठ्यांच्या टेबलांवर संगणक घेऊन तासन् तास बसतात. तीं वांकडीं बसलेलीं दिसलीं कीं आपण 'ताठ बस' म्हणून ओरडतों. वाचकांनीं ओरडण्यापूर्वीं एकदां टेप घेऊन कोंपराची उंची आणि टेबलाची उंची मोजून पाहावी, एवढीच माझी विनंति आहे. शिकंज्याची फळी घ्यावी असा आग्रह नाहीं. कित्येकदां खुर्चीवर एक उशी आणि पायांखालीं एक पाट एवढ्यानेंहि भागतें.

दिवाळीच्या सुटींत नात आली होती. नऊ वर्षांची आहे. आजोबांच्या टेबलावर बसून तिला पणजोबांना पत्र लिहावयाचें होतें. ते नाहींत हें ठाऊक असूनहि. अक्षर वांकडें येऊं लागलें तशी ती चिडली आणि कागद चुरगळला. मीं कांहीं बोललों नाहीं. फळी आंत सरकविली, देवघरांतला पाट आणून तिच्या पायांखालीं ठेविला, खुर्चीवर उशी घातली आणि दुसरा कागद पुढें केला.