आठ अंशांपासून चौतीस अंशांपर्यंत

भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. हे वाक्य मी तेहतीस वर्षे वर्गात सांगत आलो. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि त्याबद्दल त्यांना एक गुण मिळे. त्या आकड्याशी त्यांचा संबंध तेथेच संपे. आणि खरे सांगायचे तर माझाही त्याहून फारसा अधिक नव्हता. भिंतीवरच्या नकाशावर कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत छडी फिरवायला कितीसा वेळ लागणार! वयाला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होऊन मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा मनाशी ठरविले की, हे अंतर एकदा पायांनी मोजून पाहावे.

कन्याकुमारीहून श्रीनगरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा ३,७४५ किलोमीटर लांबीचा आहे. रस्ता नकाशातील रेषेसारखा सरळ धावत नाही. नदी आली की तो पुलाची जागा शोधतो, डोंगर आला की वळसा घेतो. म्हणून तो देशाच्या लांबीहून पाचशेच्या वर किलोमीटरांनी मोठा. हा महामार्ग आमच्या हिंगणघाटावरून जातो, हेही तो निवडण्याचे एक कारण होते. बरोबर येण्यास दोघे मित्र तयार होते. पण मी एकट्यानेच जायचे ठरविले. दोघे चालू लागले की ते आपसांत बोलतात. एकटा माणूस वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलतो.

सप्टेंबरच्या मध्यास मी कन्याकुमारीहून निघालो. पाठीवर सहा-सात किलोंचे ओझे होते : दोन जोडी कपडे, चादर, विजेरी, वही, औषधे आणि पाण्याच्या दोन बाटल्या. रोज सुमारे वीस किलोमीटर चालायचे, आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यायचा आणि समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचे, असे नियम मी स्वतःला घालून घेतले होते. मालमोटार जवळून गेली की वाऱ्याच्या धक्क्याने पाय डळमळत. तेव्हा जेथे महामार्गाला समांतर असा जुना गावरस्ता मिळे, तेथे मी तो धरी. मुक्काम कोठे शाळेच्या ओसरीवर, कोठे देवळात, कोठे धर्मशाळेत. आणि काहीच नसले तर पेट्रोलपंपावरील नोकरांच्या खोलीबाहेर.

पहिले काही दिवस फार जड गेले. मुप्पंदळच्या खिंडीत वाऱ्यावर चालणाऱ्या शेकडो विद्युतचक्क्या फिरत होत्या आणि त्यांच्यामधून मी, तमिळ भाषेचा एक शब्दही न येणारा म्हातारा, खाली मान घालून चाललो होतो. पायांना फोड आले होते. त्याहून अधिक बोचत होती ती मुकेपणाची भावना. कोविलपट्टीच्या अलीकडे एका टपरीवर मी खुणेने पाणी मागितले. टपरीवाल्या बाईंनी तांब्या पुढे केला. पण मी हात लावताच तो मागे घेतला. मी गोंधळलो. त्या हसून म्हणाल्या, "तण्णीर!" मी म्हटले, "तण्णीर." उच्चार पसंत पडला नसावा, कारण त्यांनी तो माझ्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतला आणि मगच तांब्या हाती दिला. जन्मभर दुसऱ्यांचे पाठ घेणाऱ्या माझा पाठ त्या दिवशी एका टपरीवर घेतला गेला! त्यानंतर प्रत्येक नव्या प्रांतात शिरताना पाण्याचा शब्द आधी शिकायचा, असा मी नेमच केला. होसूरच्या पुढे, कर्नाटकात, तो 'नीरु' झाला आणि आंध्रात 'नीळ्ळु'.

त्याच कोविलपट्टीच्या परिसरात आणखी एक नवल पाहिले. पायांखालची माती एकाएकी काळी झाली आणि शेतांतून कापूस दिसू लागला. क्षणभर मला वाटले, आपण वर्धेच्या काठीच उभे आहोत. आमच्याकडची काळी माती लाव्हारसाच्या खडकापासून झालेली. येथे तो खडक नाही, तरी माती तशीच काळी आणि पीकही तेच. घरापासून चौदाशेवर किलोमीटर दूर असताना आपल्या गावची माती ओळखीच्या माणसासारखी समोर यावी, यात जो आनंद आहे तो अनुभवल्याखेरीज कळणार नाही.

तमिळनाडूत ढगाळ हवेमुळे रात्रीचे आकाश फारसे दिसले नव्हते. अनंतपूर सोडल्यावर एका रात्री ते निरभ्र झाले. एका देवळाच्या पारावर मी पथारी टाकली होती. सहज उत्तरेकडे पाहिले, तो ध्रुवतारा अगदी खाली, झाडांच्या शेंड्यांशी दिसला. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश उंच दिसतो, तितकेच ते ठिकाण विषुववृत्तापासून उत्तरेला असते, हा नियम तुम्ही शिकला असाल. नसाल तर पुढे शिकाल. कन्याकुमारी आठ अंशांवर, म्हणून तेथे तो समुद्रकाठच्या धूसर हवेत लपून जातो. अनंतपूर जवळजवळ पंधरा अंशांवर. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. मी मूठ क्षितिजावर ठेवली आणि तिच्यावर अर्धी मूठ मोजली : तारा बरोबर तेथे होता! हा नियम मी फळ्यावर किती वेळा काढून दाखविला असेल, याची गणती नाही. पण पार्थिव अंतर आणि आकाशातील उंची यांचे नाते असे देहाने कधी जाणवले नव्हते. मी चाललो होतो म्हणून तारा वर चढला होता. एक अंश म्हणजे जमिनीवर सरळ रेषेत सुमारे १११ किलोमीटर. माझ्या चालीने, रस्त्याची वळणे आणि विसाव्याचे दिवस धरून, आठ-नऊ दिवस. तेव्हापासून आठ-नऊ दिवसांनी मूठ धरून मी आपली प्रगती पाहू लागलो. तुमच्या गावी आज रात्री हे करून पाहा. त्यासाठी चालावे लागणार नाही.

कर्नूलला तुंगभद्रा, पुढे कृष्णा, निर्मलच्या अलीकडे गोदावरी. हैदराबादच्या आसपासचे ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे मागे पडून निर्मलच्या घाटात आमचा तो ओळखीचा काळा खडक लागला. आणि तेथेच माझा डावा गुडघा सुजला. पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात शिरलो तो काठीवर भार देत. हिंगणघाटला घरी पोहोचलो तेव्हा डिसेंबरचा मध्य आला होता.

डॉक्टरांनी आठ दिवस अंथरुणात राहायला सांगितले. पुढे जाण्याविषयी विचारले तेव्हा ते नुसते हसले. घरचे ऊन पाणी, घरचे जेवण, नातवंडांची किलबिल. आणि वाटेत भेटेल त्याने मला शहाणपण सांगावे. पत्नी तेवढी काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मात्र ती शेकण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवीत म्हणाली, "अहो, जवळजवळ अर्धा देश झाला की! आता थांबलात तर कोण हसणार आहे?" कोणीही हसले नसते, हे मलाही ठाऊक होते. त्यामुळेच उत्तर सुचेना.

आमच्या गावात विल्यम लॅम्बटन यांचे थडगे आहे. गावातील पुष्कळांना ते कोणाचे, हे सांगता येत नाही. लॅम्बटन हे इंग्रज सैन्यातील अधिकारी. त्यांनी १८०२ साली चेन्नईजवळ सुमारे बारा किलोमीटरांची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. उन्हाने पोलाद लांबते, म्हणून ती साखळी तंबूंच्या सावलीत ठेवून मोजणी करीत. मग त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या उंच ठिकाणाचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोणामागून त्रिकोण रचीत दक्षिण टोकापासून उत्तरेकडे देशाची लांबी मोजायची, हे त्यांचे काम. कोन मोजण्याचे त्यांचे मोठे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढविताना ते आदळून दुखावले. लॅम्बटन यांनी ते आपल्या हातांनी दुरुस्त करून पुन्हा कामाला लावले. असली यंत्रे वाहणारे, निशाणे घेऊन डोंगरमाथ्यांवर दिवस दिवस उभे राहणारे, जंगलात तापाने मेलेले शेकडो देशी खलाशी होते. त्यांची थडगीही नाहीत. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करून, वयाची पासष्टी ओलांडलेले लॅम्बटन नागपूरकडे निघाले असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. १८४१ मध्ये ही मोजणी हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन पोहोचली. शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट यांचे.

गुडघा थोडा उतरल्यावर मी रोज संध्याकाळी त्या थडग्यापर्यंत चालत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी काठी घेऊन, दुसऱ्या दिवशीही काठी घेऊन. तिसऱ्या दिवशी काठी काखेत धरून परत आलो. पत्नी दारातच उभी होती. तिने काठीकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले आणि आत गेली. त्या रात्री स्वयंपाकघरातून तीळ भाजल्याचा वास येत होता. "संक्रांतीला तुम्ही कुठे असाल कोण जाणे," एवढेच ती म्हणाली आणि तिळगुळाचा डबा तिने माझ्या पिशवीत ठेवला.

संक्रांतीला मी नर्मदेच्या काठी बरमान घाटावर होतो. तेथे त्या दिवशी मोठी जत्रा भरते. नागपूर, पेंचचे अरण्य, सिवनी, सारे मागे पडले होते. पेंचच्या अरण्यात रस्ता कित्येक ठिकाणी उंच खांबांवरून नेलेला आहे, म्हणजे वाघ-हरणांनी खालून निर्धास्त जावे. मी वरून चाललो आणि मला एकही वाघ दिसला नाही, याचा मला मुळीच विषाद नाही! नर्मदेच्या वाळवंटात बसून मी डबा उघडला आणि शेजारच्या मंडळींना आपल्या रीतीप्रमाणे तिळगूळ वाटला. त्यांच्याकडेही तिळाचे लाडू होतेच; डबा रिकामा झाला तसा पुन्हा भरला. पाण्यात पाय सोडून बसलो असता ध्यानात आले की, कन्याकुमारीपासून जी जी मोठी नदी ओलांडली, ताम्रपर्णी, वैगई, कावेरी, तुंगभद्रा, कृष्णा, गोदावरी, ती माझ्या उजव्या हाताला, पूर्वसमुद्राकडे वाहत होती. नर्मदा पहिलीच, जी डाव्या हाताला निघाली होती.

झाशी, ग्वाल्हेर, चंबळ, आग्रा, दिल्ली यांची वर्णने तुम्हांला पुस्तकांतून मिळतील. मला त्यांतले धुके आणि थंडी तेवढी आठवते. हिंदी मुलखात पाण्याचा शब्द शिकण्याची गरज नव्हती. तो 'पानी' होता. पण पंजाबात शिरलो आणि लुधियान्याच्या वाटेवर गव्हाच्या शेतातून एका वृद्ध शीख शेतकऱ्याने हाक मारली, "पाणी पी के जाओ जी!" मी जागच्या जागी थबकलो. अगदी आपला 'ण'! पैनगंगेपासून निघालेला आपला शब्द मधल्या सबंध मुलखात 'न' होऊन जातो आणि सतलजच्या खोऱ्यात पुन्हा 'पाणी' म्हणून भेटतो. मी दोन तांबे प्यालो. तहान एकाचीच होती.

जम्मूत ध्रुवतारा तीन मुठींच्या वर चढला. पुढचा चढ दमवणारा होता. बनिहाळचा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा मी एका मालमोटारीत बसून पार केला. तेथे पायी जाऊ देत नाहीत. तेवढे अंतर माझ्या हिशेबातून कमी करावे, अशी विनंती आहे.

बोगद्यापलीकडे काश्मीरचे खोरे. तेथे पाण्याला 'आब' म्हणतात. हा मूळचा फारसी शब्द. पाच नद्यांचा तो 'पंज-आब'. आपल्या मराठीतही तो केव्हाच आलेला आहे. फक्त आपल्याकडे त्याने पाण्याचा अर्थ सोडून तेजाचा आणि मानाचा धरला. आपण आब राखतो, आणि 'अब्रू' म्हणजे मुळात चेहऱ्यावरचे पाणी!

श्रीनगर एका दिवसाच्या वाटेवर राहिले होते. पांपोरच्या केशराच्या शेतांजवळ, ती त्या ऋतूत मोकळीच होती, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दारात मी उभा राहिलो आणि शिकलेला शब्द उच्चारला. त्याने पेला आणून दिला. कोठून आलात, असे त्याने तोडक्या हिंदीत विचारले. मी कन्याकुमारीचे नाव सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते. "देशाचे दुसरे टोक," मी म्हणालो, "तिथे समुद्र आहे." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग तिथले पाणी खारट असेल?"

"समुद्राचे खारट," मी म्हटले. "विहिरीचे गोड आहे."

त्याने मान हलविली आणि माझा पेला पुन्हा भरला.