मॉलमधली चिमणी

मुलांनो, काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मिरकरवाड्याहून मुंबईला बहिणीकडे गेले होते. भाचा मला लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये घेऊन गेला. सरकते जिने, गारेगार हवा, सिनेमा... बघतच राहिले!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, ती बघ चिमणी!"

तो पक्षी शोधायला लागला. मी त्याला उंच धुराडं दाखवलं.

इथं पूर्वी फिनिक्स नावाची कापडगिरणी होती, १९०५ सालची. अशा गिरण्यांत आपल्या कोकणातली हजारो माणसं राबायची. माझे आजोबाही एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आजीची मनिऑर्डर बंद झाली. आजोबा गावी परतले आणि बंदरावर जाळी सांधू लागले. आजी हे सांगताना मध्येच थांबायची. पुढे कितीतरी गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले.

भाचा म्हणाला, "मावशी, हे मला कुणी सांगितलंच नाही गं!"

तुमच्या घरी कुणी गिरणीत होतं का? आज रात्री जेवताना विचारा बरं!