मेकाँगच्या प्रवाहातून, सावकाश

प्रवासाचे वय आता सरले, असे आपल्याला किंवा आपल्या घरातील ज्येष्ठांना वाटू लागले असेल, तर एका नदीची ओळख आपल्याला करून द्यावीशी वाटते. तिबेटच्या पठारावर उगम पावून सहा देशांतून वाहणारी ही मेकाँग. लाओ भाषेत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे आई आणि ‘नाम’ म्हणजे पाणी. लाओसच्या उत्तरेस, थायलंडच्या सीमेवरील हुआय साय या गावापासून लुआंग प्रबांग या जुन्या राजनगरीपर्यंत सुमारे 300 किलोमीटरचा जलप्रवास दोन दिवसांत होतो. वाटेत पाकबेंग या गावी रात्रीचा मुक्काम असतो.

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन दोन वर्षे झाली होती. उजवा पाय अजून किंचित ओढला जातो आणि हातात काठी लागते. ‘तू बहिणीबरोबर जाऊन ये. तुझ्या गळ्यात माझे लोढणे कशाला?’ हे त्यांचे नेहमीचे उत्तर. डॉक्टरांनी सर्व तपासण्या पाहून संमती दिली, तेव्हाच आम्ही निघालो.

ही बोट लांबट, लाकडी आणि संथ असते. तिच्यातील मोठे सुख असे, की आपण बसलेले असतो आणि गावे आपल्या भेटीला येतात. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले, की उघड्या पडलेल्या मळईवर भुईमूग आणि भाजीपाल्याचे वाफे दिसू लागतात. आपल्याकडील गाळपेर शेतीची आठवण करून देणारे ते दृश्य. ख्मू आणि लाओ लोकांची खांबांवर उभी घरे, खडकांत रोवलेल्या बांबूंना बांधलेली मासे धरण्याची जाळी, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. दुपारपर्यंत यजमानांनी काठी बाकाखाली ठेवून दिली होती. त्या बाकावर ते आणि शेजारचा तरुण अगदी एकसारखे प्रवासी होते.

खरी परीक्षा असते ती चढण्या-उतरण्याची. बहुतेक ठिकाणी बोटीपासून काठापर्यंत एक अरुंद फळी टाकलेली असते आणि पुढे वाळू, चिखल किंवा उंच पायऱ्या. पाकबेंगचा काठ तर चांगलाच चढा आहे. अशा वेळी ज्येष्ठांना मागून ढकलू नये वा दंडाला धरून ओढू नये. एकाने पुढे उभे राहून आपला हात त्यांना धरू द्यावा, दुसऱ्याने मागे थांबावे. पाऊल केव्हा टाकायचे, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे. बोटीत दर तासाला आधार धरून उभे राहावे आणि बसल्या जागी घोटे फिरवीत राहावे, म्हणजे पायांवर सूज येत नाही. लघवीला वारंवार जावे लागेल या भीतीने पाणी पिणे टाळू नये. त्याऐवजी स्वच्छतागृहाजवळची जागा मागून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी, लुआंग प्रबांग सुमारे 25 किलोमीटर उरले असता, नाम ऊ ही नदी मेकाँगला मिळते. तिच्या मुखासमोरच्या चुनखडीच्या कड्यात पाक ऊच्या दोन गुहा आहेत. तेथे बुद्धाच्या हजारो लहानमोठ्या मूर्ती दाटीने उभ्या आहेत. त्यांतील कित्येक झिजलेल्या, कुणाचा हात गेलेला, कुणाचा सोनेरी मुलामा उडालेला. आपल्याकडे खंडित मूर्तीचे पाण्यात विसर्जन करतात. येथे मंदिरात किंवा घरी ठेवता न येण्याजोग्या झालेल्या मूर्ती लोक श्रद्धेने या गुहेत आणून ठेवीत आले. एप्रिलमधील लाओ नववर्षाला लुआंग प्रबांगचे लोक नावांतून येतात आणि या मूर्तींना सुगंधी पाण्याने स्नान घालतात.

खालच्या गुहेपर्यंत थोड्या पायऱ्या चढून आम्ही दोघे पोहोचलो. वरच्या गुहेसाठी पुढे सुमारे 200 पायऱ्या आहेत. मी परत फिरू लागले, तेव्हा यजमान म्हणाले, ‘तू जा. मी येथे बसतो.’ मी नको म्हटले. ‘अगं, दोन वर्षे तू माझ्यापासून दहा पावलांच्या पलीकडे गेलेली नाहीस. जाऊन ये,’ ते पुन्हा म्हणाले. त्यांना भिंतीशी, कड्यापासून दूर बसवले, पाण्याची बाटली हाताशी ठेवली, सोबतच्या मार्गदर्शकाला लक्ष ठेवायला सांगितले आणि मी निघाले. पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या मी मागे वळून पाहतच चढले. वरची गुहा अंधारी होती. विजेरीच्या उजेडात जुन्या मूर्तींचे चेहरे पाहताना माझे लक्ष प्रथमच घड्याळाकडे गेले नाही. परतले तेव्हा ते त्याच जागी, एका हात तुटलेल्या मूर्तीसमोर शांत बसले होते. ‘एवढ्यात आलीस?’ एवढेच त्यांनी विचारले.

आपण कुणाची शुश्रूषा करीत असाल, तर त्या अर्ध्या तासाचे मोल आपणास सांगावे लागणार नाही. सतत जवळ असणे म्हणजेच काळजी घेणे, असे आपण धरून चालतो. त्या माणसालाही आपल्याला काही देता यावे, निदान थोडी मोकळीक, याची जागा त्यात उरत नाही.

लुआंग प्रबांग हे 1995 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथील वाट शिएंग थाँग हे 1560 च्या सुमारास राजा सेत्थाथिरात याने उभारलेले मंदिर. त्याची छपरे जवळजवळ जमिनीपर्यंत उतरत आलेली आहेत. हे मंदिर आणि आसपासची गल्ली सपाटीवर असल्याने हळूहळू पाहता येते. पहाटे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते, तेव्हा वृद्ध आजीबाई बुटक्या स्टुलांवर बसून चिकट भाताचे घास त्यांच्या पात्रांत घालतात. आपण दूर, शांतपणे थांबावे. फूसी टेकडीच्या 300 हून अधिक पायऱ्या आम्ही दोघांनीही सोडून दिल्या.

जाण्याचा विचार असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. मात्र सकाळी नदीवर चांगलाच गारठा असतो, म्हणून स्वेटर व कानटोपी हवीच. मार्च-एप्रिलमध्ये शेतीसाठी रान जाळल्याचा धूर दाटतो. दमा असणाऱ्यांनी तो काळ टाळावा. औषधांचे दोन संच दोन वेगळ्या पिशव्यांत असावेत, चिठ्ठीसह. वाटेतील गावांत मोठे रुग्णालय नाही, म्हणून आजारी व्यक्तीला अन्यत्र हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्यावा. डासांपासून जपावे, डेंग्यू तेथेही आहे. चिकट भात लहान घासांनी, नीट चावून खावा. मधुमेहींनी तो बेतानेच घ्यावा. माशांपासून केलेले खारट सॉस जेवणात असते, हे रक्तदाब असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला धरणाचे काम चालू असल्याने बोटीचा मार्ग व उतरण्याची जागा यांची आधी चौकशी करावी.

दोन दिवस झेपणार नसतील, तर राजधानी व्हिएन्तिएनहून रेल्वेने लुआंग प्रबांग गाठता येते. तेथून बोटीने पाक ऊला जाऊन त्याच दिवशी परत येता येते. नदी तीच असते.

घरी आल्यावर मुलाने फोनवर विचारले, ‘बाबा, वरची गुहा कशी होती?’

‘ते तुझ्या आईला विचार,’ यजमान म्हणाले. ‘मी खालीच बसलो होतो. निवांत.’