हेतू चांगला, पण ग्रंथ कसा?

आमच्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयात दोन कपाटे आहेत. एकात संतचरित्रे, भक्तिपुस्तिका, बोधकथा व एकांकिका यांचा संग्रह आहे. दुसऱ्यात कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि प्रवासवर्णने. पहिल्या कपाटातील पुस्तके नव्या नवरीसारखी कोरी आहेत, तर दुसऱ्यातील कित्येकांचे पुठ्ठे निखळले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची प्रत तर आम्हांस दोनदा बांधून घ्यावी लागली.

या दोन कपाटांकडे पाहून लोक धर्मापासून दुरावले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि आमच्या काही धर्मगुरुबंधूंनी तो काढलाही आहे. आम्हांस तो पटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हाही एका श्रद्धावंत ख्रिस्ती स्त्रीचाच ग्रंथ आहे आणि तो ख्रिस्ती नसलेल्या घरांतही तितक्याच आवडीने वाचला जातो. तेव्हा वाचकाला श्रद्धेचे वावडे आहे, असे म्हणता येणार नाही. त्याला वावडे आहे ते दुसऱ्याच कशाचे तरी. हा केवळ साहित्यरसिकांचा प्रश्न असता, तर आम्ही या पानांवर मांडला नसता. आमच्या तरुण मुलांच्या हाती जेव्हा एखादे नीरस धार्मिक पुस्तक पडते, तेव्हा ती ‘पुस्तक नीरस आहे’ असे म्हणून थांबत नाहीत. ज्या गोष्टीविषयी ते लिहिले आहे, ती गोष्टच नीरस असावी, असे ती मनाशी ठरवून टाकतात. हे नुकसान मोठे आहे.

सेमिनरीत आम्हांस संत थॉमस अक्वायनस शिकविला गेला. त्या वयात त्याचे पुष्कळसे बोलणे डोक्यावरून गेले; परंतु एक विधान मनात रुतून बसले. कारागिराची स्तुती त्याच्या इच्छेवरून होत नाही, त्याने केलेली वस्तू कशी उतरली यावरून होते, असे तो म्हणतो. हे विधान एका संताने केले आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. सुतार कितीही भाविक असला, तरी त्याने केलेली खुर्ची डुगडुगत असेल तर ती डुगडुगतेच. सौंदर्याच्याही तीन अटी त्याने सांगितल्या आहेत: वस्तू पूर्ण असावी, तिच्या अंगांत प्रमाण असावे आणि तिच्यात तेज असावे. आणि त्याच ठिकाणी तो असेही म्हणतो की, कुरूप वस्तूचे चित्रसुद्धा, ती वस्तू त्यात यथार्थ उतरली असेल तर, सुंदरच म्हटले जाते. आमच्या पहिल्या कपाटातील कित्येक लेखकांना हे शेवटचे वाक्य कोणी तरी वेळीच सांगावयास हवे होते.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी हे 1854 साली ख्रिस्ती झालेले. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. म्हणजे विषय अगदी ताजा, जळता. विधवांची दुःखे समाजासमोर मांडण्याचे धैर्य पदमनजींनी दाखविले, याबद्दल त्यांचे ऋण मराठी भाषेने मानलेच पाहिजे. तरीही आज ती कादंबरी हाती घेतली असता मन निराश होते. यमुना प्रवासाला निघते, वाटेत एकामागून एक विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी आपण ऐकतो. पण त्या स्त्रिया कोर्टात बोलाविलेल्या साक्षीदारांसारख्या येतात, जबानी देतात आणि निघून जातात. शेवटी यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते व तिचा पुनर्विवाह होतो. हा शेवट लेखकाने आधीच ठरविलेला आहे आणि सारी पात्रे त्या शेवटाकडे हाकली जात आहेत, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच उमगते. मुक्कामाचे ठिकाण आधीच ठाऊक असण्यात दोष नाही. शुभवर्तमानाचा शेवटही आपणांस ठाऊकच असतो. दोष आहे तो पात्रांना वाटेत स्वतःच्या मनाने एकही पाऊल टाकू न देण्याचा.

आता ‘स्मृतिचित्रे’ पाहा. हा ग्रंथ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण असे झालेलेच नव्हते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले; पुढे 1900 साली त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या. मधली पाच वर्षे म्हणजे प्रचारपुस्तिका लिहिणाऱ्याला केवढा खजिना! परंतु लक्ष्मीबाई प्रचार करीत नाहीत. वडिलांचे टोकाचे सोवळे, टिळकांचा तापट स्वभाव आणि हातात आलेले दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची त्यांची खोड, स्वतःच्या मनातले जातीचे कढ, हे सारे त्या एकाच हसऱ्या डोळ्याने पाहतात. नवऱ्याची थट्टा करतात. स्वतःची तर त्याहून अधिक. ख्रिस्ती झाल्यावर सारे गोड झाले, असा आव कोठेही नाही. म्हणूनच त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडतो, तेव्हा तो खरोखरच गळला, यावर आमचा विश्वास बसतो. टिळक कवी म्हणून मोठे होते, यात शंका नाही. पण त्या घरातील अधिक मोठा गद्यलेखक स्वयंपाकघरात होता, असे आम्हांस वाटते. (आमच्या एका प्राध्यापक मित्रांस हे मत मुळीच मान्य नाही. असो.)

एका प्रकारात साधलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारात साधेलच, असेही नाही. इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. जुनी पुराणे बंद झाली, मग आम्ही ऐकावे काय, ही नवख्रिस्ती लोकांची तक्रार त्यांनी ऐकली आणि व्याख्यान न देता त्यांना पुराणच दिले. श्रोते मध्येच शंका विचारतात, गुरू उत्तर देतो, पुन्हा कथा पुढे सरकते. ऐकणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली बैठक त्यांनी मोडली नाही. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणावयासही ते कचरले नाहीत. सगळ्याच ओव्या सारख्या सरस आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. कथा चालू असते तेथे ओवी धावते. शास्त्रार्थ सुरू झाला की तिची चाल जड होते. परंतु पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी हे पुराण लोकांनी हाताने उतरवून घेऊन जपले आणि 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, ते अशाच हस्तलिखित प्रतींच्या आधारे. सरकारी फर्मानाला पुरून उरणारे पुस्तक नुसत्या सद्हेतूवर तगत नाही.

स्टीफन्स 1619 साली वारले. बरोबर 300 वर्षांनी, 1919 साली, रेव्हरंड टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. प्रतिभा कमी नव्हती, भक्तीही नव्हती. तरी टिळकांची भजने मराठी उपासनेत आजही गायिली जातात आणि ‘ख्रिस्तायन’ समग्र वाचलेला माणूस आम्हांस क्वचितच भेटतो. आमच्या मते याचे कारण कवीत नसून श्रोत्यांत आहे. स्टीफन्सच्या काळी दिव्याभोवती बसून पुराण ऐकणारी मंडळी होती. विसाव्या शतकातील ख्रिस्ती घरात ती बैठकच उरली नव्हती. भजनाची बैठक मात्र शाबूत होती. साहित्यप्रकार हा घरासारखा असतो. त्यात राहणारी माणसे निघून गेली की भिंती कितीही भक्कम असोत, घर ओसाड पडते.

चित्रकलेचेही तसेच. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे 1902 साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकले आणि आपल्या मारियामातेला त्यांनी साडी नेसविली. गोव्यातील पुष्कळ भाविकांना ते रुचले नाही. त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढली व 1967 साली ते निवर्तले. आज त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जतन केलेला आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. साडी नेसविली की चित्र भारतीय झाले, असा एक सोपा समज अलीकडे पसरला आहे. आम्ही अशी कितीतरी भित्तिपत्रके पाहिली आहेत की, ज्यांत साडी पैठणी, पण चेहरा, नजर, हातांची ठेवण सारे युरोपातील छापील चित्रावरून उचललेले. फोन्सेकांची मारिया बसते कशी, मान झुकविते कशी, हे पाहावे. तेथे साडी नसती तरी ती आपल्याच अंगणातील स्त्री आहे, हे कळले असते.

चित्रपटाविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकत नाही. तरी दोन नावे घेतो. ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ हा 1965 सालचा भव्य अमेरिकन चित्रपट. पैसा अमाप, नामवंत नटांची रांग. क्रुसाखालच्या शताधिपतीच्या भूमिकेत जॉन वेन येतो, आणि प्रेक्षक क्रुसाकडे पाहावयाचे सोडून ‘अरे, हा तर जॉन वेन!’ असे म्हणतो. त्याच्या आदल्याच वर्षी, 1964 साली, पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने संत मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. पासोलिनी स्वतःला नास्तिक व मार्क्सवादी म्हणवीत. त्यांनी दक्षिण इटलीतील साधी माणसे घेतली, वयस्क मारियेची भूमिका स्वतःच्या आईला दिली, संवाद शुभवर्तमानातलेच ठेवले आणि चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे 1995 साली व्हॅटिकनने उल्लेखनीय अशा 45 चित्रपटांची यादी केली, तीत त्याचा समावेश आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाने श्रद्धावंतांपेक्षा सरस काम करावे, हे आम्हां धर्मगुरूंना थोडे बोचते. पण त्याने मत्तयावर विश्वास टाकला, म्हणजे मत्तयाच्या शब्दांना ठिगळ लावण्याची गरज नाही, एवढा विश्वास. तेवढा पुष्कळदा आम्हांपाशीही नसतो.

ग्रेअम ग्रीन यांच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (1940) या कादंबरीचा नायक एक दारुडा धर्मगुरू आहे. रोममधील धर्मश्रद्धा-विभागाने त्याबद्दल नाराजी दर्शविली व 1953-54 च्या सुमारास ती लंडनच्या कार्डिनलांमार्फत लेखकाला कळविली. पुढे 1965 साली पोप सहावे पॉल यांची व ग्रीन यांची भेट झाली, तेव्हा काही कॅथलिक दुखावले जाणारच, त्याकडे लक्ष देऊ नये, अशा आशयाचे उद्गार पोप महाशयांनी काढल्याचे ग्रीन यांनी नमूद केले आहे. आमच्या कपाटातील एकाही संतचरित्रात संताला राग आल्याचे आम्हांस स्मरत नाही. खुद्द पेत्र आणि पौल यांची जुंपली होती, हे गलतीकरांस पत्रात पौल स्वतः लिहितो. चरित्रकार मात्र ते गिळून टाकतात.

गेल्या पवित्र सप्ताहासाठी आमच्या तरुणांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसविले. लेखक आमच्याच धर्मग्रामातील एक शिक्षक, तळमळीचे गृहस्थ. पेत्र प्रभूला तिसऱ्यांदा नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि मग त्यांच्या संहितेत पेत्राचे पानभर स्वगत येते: विश्वासघात म्हणजे काय, पश्चात्ताप कसा करावा, इत्यादी. आम्ही त्यांना लूकचा अध्याय काढून दाखविला. तेथे प्रभू वळून पेत्राकडे पाहतो, एवढेच आहे. पेत्र बाहेर जातो आणि रडतो. लूक एक शब्दही समजावून सांगत नाही.

शिक्षक म्हणाले, “फादर, तुम्ही लूक वाचता तो शांत खोलीत. आमचे प्रेक्षक मैदानात चटईवर बसतात, मुले रडत असतात, ध्वनिक्षेपक खरखरतो. मागच्या रांगेतल्या म्हातारीला प्रभूची नजर दिसणार कशी?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते, आणि प्रश्न खोटाही नव्हता. कादंबरीत जे मौनाने साधते, ते मैदानावरच्या नाटकात साधेलच असे नाही. आम्ही सुचविले की, म्हातारीला नजर दिसली नाही तरी धावत बाहेर जाणारा पेत्र दिसेल. प्रेक्षकांच्या मधूनच, अगदी मागच्या रांगेपर्यंत, त्याला धावू द्यावे. त्यांनी विचार केला आणि स्वगत अर्ध्यावर आणले. त्या रात्री पेत्र झालेला मुलगा निम्मे स्वगत बोलला, उरलेले त्याला आठवेना, म्हणून घाबरून चटयांमधून मागे पळत सुटला. मागची रांग वळून त्याच्याकडे पाहत राहिली. मैदानात कोणी खोकलेसुद्धा नाही. शिक्षक म्हणतात, परिणाम झाला तो आधीच्या शब्दांचा. आम्ही म्हणतो, पळण्याचा. पुढील वर्षाची संहिता त्यांनी लिहावयास घेतली आहे.