गाण्याकडे पाठ करून

ग्लास्टनबरीला जाऊन आलो असं सांगितलं की मित्रांचा पहिला प्रश्न, "कुणाकुणाला ऐकलंस?" आणि अणदूरहून पहिला प्रश्न, "तिथं जेवायला काय मिळतं?" दोन्हींची उत्तरं थोडक्यात देतो. ऐकलं थोडं, जेवण बरं होतं. २०१९ साली मी तिथे प्रेक्षक म्हणून नाही, स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. "म्हणजे नक्की काय?" असं अजूनही बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा. इंग्लंडात सॉमरसेटमध्ये पिल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या मायकेल ईव्हिस या गाईम्हशीवाल्या (म्हणजे फक्त गाईवाल्या, म्हशी तिकडे कुठल्या!) शेतकऱ्यानं १९७० मध्ये आपल्या शेतात पहिला महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, त्यात शेतावरचं दूध फुकट. दीडेक हजार लोक आले. आता त्याच शिवारात दोन लाखांवर माणूस पाच दिवस राहतो. अधूनमधून एखादं वर्ष महोत्सव भरत नाही, जमिनीला विश्रांती म्हणून. २०१८ साली शेत असंच पड ठेवलं होतं. हे अण्णांना लगेच पटलं.

बाकीचं पटायला मात्र वेळ लागला. एवढ्या गर्दीला फाटकातून आत घ्यायचं, रस्ते सांगायचे, वाटा मोकळ्या ठेवायच्या, त्यासाठी ऑक्सफॅम ही संस्था स्वयंसेवक पुरवते. आपण आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या. त्या कामाचे पैसे महोत्सव आपल्याला नाही, संस्थेला देतो, आणि ते संस्थेच्या कामात जातात. आपल्याला प्रवेश, तंबूला वेगळी जागा आणि अंघोळीला गरम पाणी (चार दिवसांनी याची किंमत कळते!). आधी तिकिटाएवढी अनामत भरायची, पाळ्या नीट केल्या की ती परत. त्या वर्षी तिकीट २४८ पौंड होतं.

फोनवर हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "पैशे भरून राबायला जायचं? ह्ये कसलं रं?" थोडं थांबून पुढे म्हणाले, "आन सेवेचे पैशे घेत्यात व्हय कुणी?"

हा दुसरा प्रश्न टोचला. कारण अण्णा असं विचारू शकतात. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच, गावं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला, आणि मार्गशीर्षातली आमची यात्रा झाली की नळदुर्गला मैलारपूरच्या देवळात. या यात्रेत अण्णा कित्येक वर्षं पाण्यापाशी उभे राहिले. रात्रभर वाघ्या-मुरळीचं जागरण चालायचं, दिमडी-तुणतुणं कानावर यायचं, पण हे बसून ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. घोटभर चहासुद्धा ते घरी येऊन घ्यायचे.

माझी रविवारची पाळी रात्रीची होती. पलीकडे पिरॅमिड स्टेजवर द क्युअर, आणि मी त्याकडे पाठ करून फाटकावर. पहाटे तीनच्या सुमाराला एक मुलगी आली. मैत्रिणी हरवलेल्या, फोन बंद पडलेला, थंडीनं कुडकुडत होती. आम्ही तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, वायरलेसवर निरोप दिला. जूनमध्ये तिकडे फार लवकर उजाडतं. फटफटलं तेव्हा मैत्रिणी शोधत आल्या. ती गेली. तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं विचारलं नाही.

नंतर कळलं की ऑक्सफॅमनं ग्लास्टनबरीत हे काम सुरू केलं ते १९९३ साली. आमच्या भागात या सालाचा एकच अर्थ आहे. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आसपास किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. हजारो माणसं गेली. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर उभं राहिलं, तरी कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून उमरग्याकडे मदतीचे ट्रक चाललेले असायचे. कुठून कुठून आलेली माणसं. कुणी रजा काढून, कुणी संस्थेच्या पगारावर, कुणी कॉलेज बुडवून. सास्तूरच्या मावशीला तंबू मिळाला. तो कुणाच्या पैशाचा, आणणारा फुकट आला होता की पगारी, हे तिनं कधी विचारलं नाही. तिला त्या रात्री डोक्यावर काहीतरी हवं होतं.

अण्णांना मी एवढंच म्हणालो, "मावशीचा तंबू आठवतो ना?" ते बराच वेळ गप्प होते.

मला वाटतं, गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तिथे सेवेला हिशोब लागत नाही. पण ज्याचं तोंड कधी दिसणार नाही अशा माणसापर्यंत काही पोचवायचं, तर मध्ये पावती, अनामत, पाळीचा तक्ता हे सगळं येतंच. त्यानं काम हलकं होत नाही. अर्थात अण्णांची सेवा माझ्यापेक्षा चोख, हे मी कबूल करतो. त्यांना बदल्यात तिकीट मिळत नव्हतं.

असो. मार्गशीर्षात गावी यायचं जमलं, तर यंदा पाण्यापाशी उभं राहायचा विचार आहे. अनामत किती ते अण्णांना विचारून कळवतो!