जुन्या फियाटचे ब्रेक

भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता आणि वज्रेश्वरीकडून येणारा रस्ता जेथे मिळतात, त्या अंबाडी नाक्यावर मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करताना ज्या जुन्या गाड्या हाताखालून गेल्या, त्यांत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढले रूप असलेली पद्मिनी यांच्याविषयी मला विशेष ममत्व आहे. टॅक्सी म्हणून पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला, परंतु हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून येतात, आणि त्यांच्यासोबत ठरलेली तक्रारही येते : "पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही, हवा काढून द्या."

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या सिद्धांतावर ब्रेकची ही यंत्रणा उभी आहे. पायाचा हुकूम मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत तत्काळ रुजू होतो, तो द्रव दबत नाही म्हणूनच. हवा मात्र दबते, आणि मग पायाचे सारे बळ बुडबुडा आवळण्यातच खर्ची पडते.

तथापि प्रत्येक तक्रारीचे मूळ हवेत नसते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर हवा; दोनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल तर बहुधा ड्रम आणि लायनर यांतील अंतर वाढलेले; आणि दाबून धरले असता सावकाश खाली उतरत असेल तर कोठे तरी गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर कप झिजलेले. ही खातरजमा न करता पाना हाती घेणे मला मान्य नाही.

हवा काढावी ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. निपलला रबरी नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. चाकाजवळच्याने "दाब" म्हणावे, आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून "धरला" असे सांगावे, मग निपल सैल करावा आणि पाय उचलण्यापूर्वीच तो आवळावा, कारण क्षणभर उशीर झाला तरी हवा परत आत शिरते. टाकीतील ऑइल कधीही तळाला जाऊ देऊ नये. जुन्या गाडीत आणखी एक पथ्य आहे : पेडल पार तळापर्यंत दाबू नये, सिलिंडरच्या ज्या भागात कप एरवी पोहोचत नाही तेथे गंज साचलेला असतो आणि त्यावर घासून कपाची कड फाटते.

परंतु माझ्या मते हवेहून मोठा वैरी आहे पाणी. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते, आणि आमच्या तानसेकाठच्या पावसाळ्यात आर्द्रतेला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसखाली उकळू नये असा दंडक आहे, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. अशी गाडी कसारा घाट उतरताना ड्रम तापले की पाण्याची वाफ होऊन पेडल निकामी होते, आणि खाली थांबून गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होऊन सर्व काही पूर्ववत दिसते. दोषाचा पुरावाही शिल्लक राहत नाही.

म्हणून या गाड्या जपणाऱ्या प्रत्येकास माझी आग्रहाची विनंती आहे, की पेडल मऊ होण्याची वाट न पाहता दर दोन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर, सीलबंद डब्यातील ऑइल घालून, चारही निपलांतून स्वच्छ रंग येईपर्यंत जुने ऑइल पूर्णपणे काढून टाकावे.