भोंग्यातला गब्बर

‘शोले’च्या संवादांची तबकडी गाण्यांच्या तबकड्यांसोबत एकाच पेटीतून लग्नघरी यायची, पण तिचा मान वेगळा होता. सकाळी सनई, हळदीला गाणी, आणि पंगती उठून रात्र चढली की हिची पाळी. गोंदियातल्या आमगाव-सालेकसाकडच्या लग्नांत पोट्टे भोंगेवाल्याला संध्याकाळपासूनच विचारत, ‘गब्बर आणला का?’ रेकॉर्ड आणली का, असं कोणी म्हणत नसे.

दिसायला ती इतर एलपींसारखीच. काळी, मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी, दोन्ही बाजूंनी बोलणारी. भोंगेवाला तिला कडेनं धरी, बोट रेघांना लागू देत नसे. मखमलीच्या तुकड्यानं पुसून सुई टेकवली की आधी नुसती खरखर यायची, आणि तेवढ्यानंच मांडवातली बोलणी मंदावत. ऐकून ऐकून झिजलेली प्रत असेल तर गब्बर एकाच अर्ध्या वाक्यावर अडून बसे. मग सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं. त्या वजनानं रेघ आणखी झिजायची, हे भोंगेवाल्यालाही ठाऊक असे. पण अख्खा मांडव खोळंबलेला असताना करणार काय?

सिनेमा 15 ऑगस्ट 1975ला लागला. 70 एमएमचा पडदा, स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं हलला नाही. आधी पॉलिडोरनं त्याची गाणी बाजारात आणली. पुढे थिएटरातून बाहेर पडणारा माणूस राहुलदेव बर्मनच्या चालींपेक्षा सलीम-जावेदची वाक्यं जास्त घोळवतो, हे दिसलं आणि संवादांचीच रेकॉर्ड निघाली. गंमत अशी की, अमजद खानचा आवाज गब्बरला कमी पडेल, अशी जावेद अख्तर यांनाच धास्ती होती. या तबकडीत तर आवाजाशिवाय दुसरं काहीच नाही. मळकी वर्दी नाही, दाढी नाही, तंबाखूनं रंगलेले दात नाहीत. जो आवाज कमी पडेल असं वाटलं होतं, त्यानं एकट्यानं सगळी दहशत पेलली.

तीन साथीदार हात हलवत परततात तो अड्ड्यावरचा प्रसंग डोळे मिटून ऐका. खडकावर बुटांची टाच, फरफटत येणारा पट्टा, मागे खर्जातला घुमता सूर. पिस्तुलाची चकरी फिरते, घोडा रिकामाच पडतो. एकदा, दोनदा, तीनदा. मग हसणं. आधी एकट्याचं, मग सगळ्यांचं, आणि त्या हसण्याच्या अंगावरच तीन गोळ्या. पडद्यावर डोळ्यांना धरायला डोंगर असतो, आभाळ असतं. भोंग्यातून ऐकताना कशाचाच आधार नाही, आणि मांडवाबाहेर सालेकसा-दरेकसाचं जंगल. मला विचाराल तर सिनेमापेक्षा तबकडी जास्त भीतिदायक आहे.

आपल्या झाडीपट्टीनं तिला इतक्या सहज घरात घेतलं, ते उगाच नाही. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर दंडार बघायची, नाटक पहाटेपर्यंत चालवायचं, हा इथला जुना रिवाज. नाटकातली लांबलचक भाषणं ऐकायला कान तयारच होते. शिवाय हिंदी गोंदियाला परकी कधीच नव्हती. ज्या आयाबायांना, म्हाताऱ्यांना टॉकीजपर्यंत जाणं जमलं नाही, त्यांनी ‘शोले’ आधी ऐकला, पाहिला मग कितीतरी वर्षांनी.

गब्बरची कुळकथाही आपल्यापासून फार लांबची नाही. चंबळच्या खोऱ्यात त्या नावाचा खरा डाकू होता. माणसांची नाकं कापायचा. 1959मध्ये तो पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. तेव्हा मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. भूमिकेच्या तयारीसाठी अमजदनं वाचलेलं ‘अभिशप्त चंबल’ हे पुस्तक तरुणकुमार भादुरींचं. त्यांची मुलगी जया, ‘शोले’तली राधा, जन्मली जबलपूरला, गोंदियाहून छोट्या लाइनीची गाडी जायची त्या जबलपूरला.

त्याच 1975 साली अमेरिकेत विली नेल्सननं ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ काढला. बायकोचा खून करून घोड्यावर भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ती गोष्ट, सगळा अल्बमभर, अगदी मोजक्या वाद्यांत. कंट्री संगीतात फरारी माणसाची कहाणी अशी सलग ऐकवायची चाल आहे. आपल्याकडे त्या तोडीचं काही शोधायचं तर मी हीच तबकडी पुढे करीन. तिच्यात नायक गाणं म्हणत नाही, एवढाच फरक. बाकी घोडे आहेत, गिटार आहे, माउथऑर्गन आहे, आणि ज्याच्यावर पन्नास हजारांचं इनाम लागलंय असा माणूस आहे.

कॅसेट आली आणि भोंगेवाल्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. 2025मध्ये ‘शोले’ची चित्रफीत दुरुस्त होऊन इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, सेन्सॉरनं बदलायला लावलेला शेवटही तिला परत मिळाला. तशीच निगा या तबकडीची व्हायला हवी, कारण या भागातल्या कितीतरी माणसांचा ‘शोले’ तोच आहे. कुणाच्या घरी ट्रंकेत असेल तर तिला बाहेर काढा. आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा. आणि पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच नको, आपल्या मे महिन्यात ती वाकते. सुई बदलून एकदा दोन्ही बाजू नीट उतरवून घ्या. खरखर पुसू नका.